नाशिकची रेल्वे: घाट, बोगदे, ट्राम आणि कागदावरची मेट्रो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकरोडला राहणाऱ्या माणसाला दोन प्रश्न आयुष्यभर पुरतात. "स्टेशन गावापासून एवढं लांब का?" आणि "पंचवटी आज किती लेट?" दुसऱ्याचं, म्हणजे पंचवटी एक्सप्रेसच्या उशिराचं, उत्तर रोज बदलतं, ते सोडून देऊ. पहिल्याच्या मागे मात्र दीडशे वर्षांची गोष्ट आहे, आणि ती सांगताना पाहुणे आणखी दहा प्रश्न काढतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

नाशिकला रेल्वे नेमकी कधी आली?

१८६१ मध्ये. पण ती मुंबईहून सलग आली नाही, आणि गंमत तिथेच आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपल्या आजी-आजोबांची 'जीआयपी', १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी घेऊन गेली, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. त्या तुकड्यात पारसिकच्या डोंगरात बोगदे खोदावे लागले होते. मग वासिंद, आसनगाव असं करत १८६१ च्या सुरुवातीला रूळ कसाऱ्याला येऊन टेकले. समोर सह्याद्री उभा.

कंपनीनं काय केलं, तर घाटाचं काम चालू ठेवून वरचा मार्गही बांधायला घेतला. त्यामुळे १८६१ मध्ये इगतपुरी ते नाशिक आणि पुढे चाळीसगावकडे गाडी धावायला लागली, पण कसारा ते इगतपुरी हा मधला तुकडा अजून दगडातच होता. तो १ जानेवारी १८६५ ला उघडला. म्हणजे जवळजवळ चार वर्षं नाशिककडे रेल्वे होती, पण ती खालच्या रेल्वेला जोडलेली नव्हती. कसाऱ्याला उतरायचं, घाट बैलगाडीनं किंवा पायी चढायचा आणि इगतपुरीला पुन्हा गाडीत बसायचं. वरच्या मार्गावर जी इंजिनं धावत होती, तीसुद्धा घाटरस्त्यानंच वर चढवलेली. आज कुणी कसाऱ्याला लोकलमधून उतरून काळी-पिवळी टॅक्सी शोधत असेल, तर त्यानं समजावं की ही परंपरा जुनी आहे.

थळ घाट आणि कसारा घाट एकच का?

एकच. रेल्वेच्या जुन्या कागदांत थळ घाट, तुमच्या-आमच्या तोंडी कसारा घाट. मुंबई-आग्रा महामार्गही त्याच खिंडीच्या आसपास चढतो, त्यामुळे एसटीनं जाताना खाली रूळ आणि बोगद्यांची तोंडं मधूनमधून दिसतात.

या घाटात एवढं अवघड काय होतं?

आकड्यांनीच सांगतो. मूळ बांधणीत घाटाची लांबी सव्वानऊ मैल, म्हणजे जवळजवळ १५ किलोमीटर. तेवढ्यात ९७२ फूट चढायचं. सर्वांत तीव्र चढ १ : ३७, म्हणजे ३७ पावलं पुढे टाकली की एक पाऊल वर. पायी चालणाऱ्याला हे काहीच वाटत नाही, पंचवटीतल्या घाटाच्या पायऱ्या त्याहून उभ्या आहेत. पण लोखंडाच्या गुळगुळीत रुळावर लोखंडाचं चाक असतं, त्याला पकड फार कमी. असं बघा: आजची २२ डब्यांची एक्सप्रेस अर्धा किलोमीटरहून लांब असते. ती पूर्ण चढावर असली की शेवटचा डबा पहिल्या डब्यापेक्षा १४ मीटर खाली असतो. एकाच गाडीत इंजिन चौथ्या मजल्यावर आणि गार्ड तळमजल्यावर!

या मार्गाची आखणी जेम्स जॉन बर्कली या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली झाली. थळ आणि बोर (पुण्याच्या वाटेवरचा, खंडाळ्याचा), दोन्ही घाट त्याच्याच काळात आखले गेले. तो १८६२ मध्ये वारला, त्यामुळे या दोहोंपैकी एकाही घाटातून जाणारी गाडी त्याला बघायला मिळाली नाही.

बोगदे किती? आणि ते खोदले कसे?

सुरुवातीच्या बांधणीत १३ बोगदे होते, सगळे मिळून अडीच किलोमीटरच्या आतच. पुढे मार्ग वाढले, आखणीत बदल झाले, म्हणून आज खिडकीतून मोजायला बसलात तर हिशेब जुळेलच असं नाही. आम्ही लहानपणी प्रत्येक सुट्टीत मोजायचो आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं यायचं, कारण एखाद्या बोगद्यात कुणीतरी चिमटा काढायचा आणि मोजणी चुकायची.

खोदण्याचं काम मात्र मजेचं नव्हतं. सह्याद्रीचा दगड म्हणजे काळा बसाल्ट. हातात पहार आणि हातोडा घेऊन त्यात भोक पाडायचं, बंदुकीची दारू ठासायची, वात पेटवून पळायचं. डायनामाइटचं पेटंट आल्फ्रेड नोबेलनं घेतलं १८६७ मध्ये, तेव्हा आपला घाट सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे हे सगळे बोगदे डायनामाइटच्या आधीचे. पावसाळ्यात काम बंद, कारण इगतपुरीचा पाऊस तेव्हाही इगतपुरीचाच पाऊस होता. घाटाच्या मजुरांच्या छावण्यांत पटकीच्या साथी यायच्या. अभियंत्यांची नावं पुस्तकांत आहेत. पहार मारणाऱ्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत.

पुलाबद्दल ऐकलं होतं, तो कोणता?

एहेगावचा. कसारा सोडल्यावर लवकरच लागतो. दरीच्या तळापासून दीडशे फुटांहून जास्त उंच. गाडी त्यावर आली की रुळांचा आवाज बदलतो, खडखडाट एकदम पोकळ होतो. डोळे मिटून बसलं तरी कळतं.

घाटात गाडी उलटी फिरायची म्हणतात, ते खरं का?

खरं. मूळ आखणीत अर्ध्या वाटेवर 'रिव्हर्सिंग स्टेशन' होतं. डोंगराच्या अंगावर मोठं वळण घ्यायला जागा नव्हती, म्हणून गाडी एका बंद टोकाशी न्यायची, इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायचं आणि इंग्रजी 'व्ही'च्या दुसऱ्या दांडीवरून पुढे चढायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत नवी आखणी करून ही कसरत बंद केली. आता घाटात तीन मार्ग आहेत.

कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून धक्का बसतो. तो कशाचा?

बँकरचा. घाट चढताना पुढचं इंजिन ओढतं, आणि मागून बँकर इंजिनं ढकलतात. ही जोडणी कसाऱ्याला होते. चहाचा पेला हातात असेल तर आधी घोट घ्या, मग गप्पा मारा, एवढाच अनुभवाचा सल्ला. ढकलण्याचा आणखी एक फायदा असतो: चढावर मधली एखादी कपलिंग तुटली तर मागचे डबे खाली सुटत नाहीत, त्यांना मागून आधार असतो. इगतपुरीला बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली येतात. उतरणाऱ्या गाड्यांचं दुखणं उलटं. तिथे शक्ती नाही, ब्रेक महत्त्वाचा.

अलीकडे काही गाड्या बँकरशिवाय जातात. मुंबई-निजामुद्दीन राजधानी २०१९ मध्ये कल्याण-नाशिकरोड मार्गे सुरू झाली, तिला पुढे एक आणि मागे एक अशी दोन्ही टोकांना इंजिनं लावली. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेल्या मुंबई-शिर्डी वंदे भारतमध्ये मोटरी डब्यांखालीच वाटलेल्या आहेत. कसाऱ्याला ती थांबतही नाही. वेळ वाचतो हे मान्य. पण तो धक्का बसला की आई म्हणायची, "चला, आता आपला मुलूख आला." ते गेलं.

इगतपुरीला पूर्वी गाडी इतका वेळ का थांबायची?

विजेमुळे. कल्याण ते इगतपुरी मार्गाचं विद्युतीकरण १९३० च्या सुमारास झालं, १५०० व्होल्ट डीसीवर. घाटासाठी खास आणलेल्या त्या काळच्या मालगाडीच्या इंजिनांना कर्मचारी 'खेकडा' म्हणत. इगतपुरीच्या पुढे १९६० च्या दशकात वीज आली ती २५ हजार व्होल्ट एसीची. दोन्हींचं जमेना, म्हणून प्रत्येक गाडीचं इंजिन इगतपुरीला बदलायचं. मुंबईकडचा सगळा मार्ग एसीवर आणण्याचं काम २०१५ मध्ये संपलं आणि इंजिन बदलण्याची गरजच उरली नाही.

या थांब्यावर एक अख्खी खाद्यसंस्कृती उभी होती. गरम वडे, मे महिन्यात पानाच्या द्रोणातली करवंदं आणि जांभळं, पावसाळ्यात भाजलेली कणसं. माझे एक काका वड्यांसाठी उतरले ते बोलण्यात रमले आणि गाडी निघून गेली. घरी त्यांच्याआधी त्यांची पिशवी पोचली. पुढची वीस वर्षं लग्नकार्यात त्यांना कुणी वडा वाढला की पंगत हसायची.

मग स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब का?

घरोघरी सांगितली जाते ती गोष्ट अशी: धर्मक्षेत्र बाटेल म्हणून लोकांनी विरोध केला आणि साहेबानं स्टेशन लांब नेलं. ही गोष्ट भारतातल्या निम्म्या तीर्थक्षेत्रांबद्दल सांगतात, म्हणून मला तिचा भरवसा वाटत नाही.

नकाशा उघडा. इगतपुरीहून घोटी, अस्वली, लहवित, देवळाली आणि पुढे ओढा, खेरवाडी, निफाड, लासलगाव, मनमाड. ही रेघ खानदेशाकडे निघाली आहे. जुनं नाशिक तिच्या वायव्येला, गोदावरीच्या काठी, चढउतारांवर बसलेलं. तिथे जायचं तर मार्गाला कोपर मारावं लागलं असतं. कंपनीचं लक्ष होतं कापसावर आणि उत्तरेकडच्या जोडणीवर. १८७० मध्ये हाच मार्ग जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाला आणि मुंबई-कलकत्ता जोडली गेली. अशा मार्गासाठी नाशिक हे वाटेवरचं एक गाव होतं. म्हणून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं स्टेशन, नाव 'नाशिक रोड'. देशभर ज्या स्टेशनांच्या नावात 'रोड' आहे, त्यांची कहाणी बहुधा हीच.

म्हणजे ही रेल्वे शहरातून जातच नाही?

जाते की! १९८२ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड आणि देवळाली या वेगवेगळ्या नगरपालिका एकत्र झाल्या, सातपूरही आत आलं. रूळ जागचे हलले नाहीत, शहरच त्यांच्यापर्यंत चालत गेलं. त्याआधीच स्टेशनच्या आधारानं वेगळं गाव वाढलं होतं. पूर्वी लंडनमध्ये छापली जाणारी टपाल तिकिटं इथेच छापता यावीत म्हणून १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस निघाली, १९२८ मध्ये नोटांची प्रेस आली. दोन्ही रेल्वेला खेटून. नाशिकरोडच्या जुन्या माणसाला आजही विचारा, "कुठे निघालात?" तो म्हणेल, "नाशिकला जाऊन येतो."

नाशिकमध्ये ट्राम होती, ही थाप आहे का?

अजिबात नाही. स्टेशन आणि गाव यांच्यातलं अंतर मिटवायचा पहिला खटाटोप तीच होती. १८८९ मध्ये ट्राम सुरू झाली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून निघून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. सुरुवातीला डबे घोडे ओढायचे, नंतर इंजिन आलं. आज द्वारका ते बिटको एक रिकामा प्लॉट दिसत नाही, पण तेव्हा गाव सोडलं की शेतं आणि दाट झाडी होती. टांग्याशिवाय दुसरं वाहन नाही. अशा वाटेनं यात्रेकरू पथाऱ्या, तांब्ये आणि म्हाताऱ्या माणसांसह ट्राममधून रामकुंडाकडे निघायचे.

दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांनी तिचं कंबरडं मोडलं. यात्रेकरू नाहीत तर उतारू नाहीत. तरी ती कशीबशी चालत राहिली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तोट्यात बंद पडली. मेन रोडच्या गर्दीत भाजी घेताना तिथून कधी रूळ जात होते हे खरंच वाटत नाही. मला विचाराल तर नाशिकनं तिची एक खूण तरी ठेवायला हवी होती. रुळाचा हातभर तुकडा चालला असता.

मेट्रो निओ म्हणजे काय? ती भुयारी आहे का?

भुयारी नाही, आणि खरं तर रुळांवरचीही नाही. निओ म्हणजे रबरी टायरची, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी लांब जोडबस. मेट्रोसारखी स्थानकं, पण रूळ नाहीत. दहा-पंधरा लाखांच्या शहरांना पूर्ण मेट्रो परवडत नाही, म्हणून काढलेला मधला मार्ग.

राज्य मंत्रिमंडळानं २०१९ मध्ये आराखडा मंजूर केला. दोन मुख्य मार्गिका: गंगापूर ते नाशिकरोड सुमारे २२ किलोमीटर आणि गंगापूर ते मुंबई नाका सुमारे १०. काम महामेट्रोकडे. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींचा उल्लेख झाला तेव्हा शहरात पेढे वाटले गेले. पेढे संपून काही वर्षं झाली. एकही खांब उभा राहिलेला मी पाहिलेला नाही, आणि सीबीएसहून, म्हणजे गावातल्या मध्यवर्ती बसस्थानकाहून, नाशिकरोडला जायला आजही रिक्षात चौथा माणूस यायची वाट बघत बसावं लागतं. ट्राम बंद पडल्यापासून या वाटेला स्वतःचं असं वाहन मिळालेलंच नाही.

मुंबई-पुण्यात भुयारी मेट्रो झाली. नाशिकला का नको?

पैसा. मुंबईची आरे ते कफ परेड मार्गिका, साडेतेहतीस किलोमीटरची, जवळजवळ पूर्ण जमिनीखाली आहे. पुण्यात सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट तुकडा भुयारी आहे, कारण पेठांमध्ये खांब उभे करायला जागाच नव्हती. भुयारी किलोमीटर उन्नत किलोमीटरच्या कितीतरी पट महाग, आणि तो खर्च निघायला तेवढी गर्दी लागते. शिवाय आपल्या पायाखाली तोच थळ घाटातला काळा दगड. यंत्रानं फोडता येतो, प्रश्न बिलाचा आहे.

कसाऱ्याची लोकल नाशिकपर्यंत का येत नाही?

मागणी माझ्या कॉलेजपासूनची आहे. कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून घाट. मुंबईच्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये मोटरचे डबे मोजकेच, आणि उपनगरी धावण्यासाठी बनवलेली ती गाडी १५ किलोमीटर सलग चढ आणि त्याहून अवघड सलग उतार यासाठी नाही. नव्या पद्धतीच्या गाड्यांना हे जमू शकतं, वंदे भारत रोज तेच करते. पण घाटातले तीन मार्ग मालगाड्या, मेल-एक्सप्रेस आणि परतणाऱ्या बँकरांनी आधीच भरलेले. नव्या गाडीला जागा कुठे द्यायची, ही खरी गाठ आहे.

मग रोज मुंबईला जाणारे कसे जातात?

पंचवटी एक्सप्रेसनं. १९७५ पासून. सकाळी सातच्या आसपास नाशिकरोड, संध्याकाळी सीएसएमटीहून परत. पासधारकांचे डबे म्हणजे फिरती वसाहतच: कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाची बायपास झाली, सगळं ठाऊक. एका डब्यानं स्वतःला शिस्त लावून घेतली, पत्ते नाहीत, आरडाओरडा नाही, त्याला 'आदर्श कोच' म्हणतात. मी बाजूच्या डब्यातला. आमच्याकडे दसऱ्याला आरती आणि रोज रमी असायची.

नाशिक-पुणे रेल्वेचं काय झालं?

सुमारे २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड मार्ग ठरला होता, सिन्नर-संगमनेर-नारायणगाववरून, वाटेत बरेच बोगदे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. विजेवरच्या गाड्यांमुळे होणारा रेडिओ गोंगाट तिला बाधतो, म्हणून त्या आखणीला हरकत आली. मग शिर्डीवरून वळसा घालायचं बोलणं सुरू झालं. सिन्नर-संगमनेरवाले त्यावर रागावले आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. वळसा घालून कोपऱ्यातून जाणारी रेल्वे कशी असते, हे आम्हाला विचारा.

देवळालीचं नाव इंग्रजीत वेडेपणासाठी वापरतात म्हणे?

हो. मायदेशी परतणारे गोरे सैनिक बोटीची वाट बघत देवळाली कॅम्पात महिनोन्महिने पडून राहायचे. कंटाळ्यानं आणि तापानं डोकं फिरायचं. त्यावरून 'डूलॅली' हा शब्द इंग्रजीत रुळला. देवळालीची दुसरी ओळख अधिक पोटापाण्याची आहे: ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल इथूनच बिहारमधल्या दानापूरला गेली.

मुलांना घेऊन घाट बघायचा आहे. बोगद्यात ओरडलं तर चालतं का?

चालतं, आमच्या पिढीत तो नियमच होता. त्यासाठी साध्या स्लीपरच्या किंवा जनरलच्या डब्यात, दिवसाउजेडी बसा. दारात मात्र उभे राहू नका, बोगद्याची भिंत वाटते त्याहून जवळ असते. पाऊस सुरू झाल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर बोगद्याच्या तोंडाशीच धबधबे कोसळतात आणि खिडकीतून मांडीवर पाणी येतं. दरड पडली किंवा रुळांवर माती आली तर गाडी तास-दोन तास अडकते, म्हणून डबा बरोबर असू द्या. वंदे भारतमध्ये काचा उघडत नाहीत. परवा भाच्यानं तिथेही बोगदा आला तसं जोरात ओरडून घेतलं. आवाज काही घुमला नाही, फक्त समोरचे गृहस्थ दचकले आणि त्यांच्या लॅपटॉपवर चहा सांडला.